अर्जुनाच्या नसा

१८ जानेवारी १९७२
रहिमतपूर

डॉक्टर हंबीरराव यांस,

नमस्कार लिहीत नाही.

मी अंजना. दोन डिसेंबरला साताऱ्याला तुमच्या दवाखान्यात भावाला घेऊन आले होते ती. तुमच्याकडं रोज पन्नास माणसं येतात, म्हणून खूण सांगते. अर्जुनाला चौघांनी खुर्चीसकट उचलून आत आणलं होतं. पाच फूट अकरा इंचांचा फौजी गडी लग्नातल्या नवरदेवासारखा खुर्चीवर बसून आलेला बघून तुम्ही हसला होतात. आता आठवेल.

तुम्ही स्वतः फौजेत कॅप्टन होतात, म्हणून रजेवर आजारी पडलेला शिपाई दाखल्यासाठी तुमच्याकडंच येतो. अर्जुना रजेवर आला आणि आठवड्यात त्याला ताप आला, जुलाब झाले. ते थांबले तोवर पलटणीची तार आली, ताबडतोब हजर व्हा. तो ट्रंक भरायला उठला आणि म्हणाला, "अंजे, पायाला मुंग्या आल्यात. जाईनातच बघ." दुसऱ्या दिवशी त्याला उंबरा ओलांडता येईना. तिसऱ्या दिवशी उभंच राहता येईना.

तुम्ही त्याच्या तळपायाला टाचणी टोचलीत.

"लागतंय?"

"लागतंय की, सायब."

"मग उचल पाय."

"उचलत न्हाई."

"टोचलेलं कळतं आणि उचलता येत नाही. म्हणजे नस शाबूत आहे, नियत शाबूत नाही." बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं बोललात. मग इंग्रजीत चिठ्ठी लिहिलीत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा ती मला वाचता आली. कोणताही आजार नाही, सोंग करीत आहे, तात्काळ रुजू व्हावे.

पाच डिसेंबरला सकाळी अकराला अर्जुना गेला. पायांतली ताकद गेली तशी हातांतली गेली, मग गिळता येईना, मग छाती उचलेना. त्या वेळी चावडीपुढं सगळं गाव रेडिओला कान लावून बसलं होतं. लढाईचा तिसरा दिवस होता. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे.

एवढ्यावर तुम्ही थांबायचं होतं. पण आमचे पेन्शनर सुभेदार लालासाहेब तुम्हाला भेटले तेव्हा तुम्ही म्हणालात, "लढाईला भ्याला. आजारी पडायला काहीतरी पोटात घेतलं असेल, ते अंगाशी आलं." दुसऱ्या दिवशी गावभर झालं की अर्जुना एंड्रिन, पिकावर फवारायचं विष, प्याला. दहाव्याला गावातला एकही पेन्शनर घाटावर आला नाही. माझी आई बनाबाई विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून बाजूला होतात. पळपुट्याची आई म्हणतात तिला.

तुम्ही आमच्या गावात याल. चावडीपुढं उभे राहाल आणि तुमच्या तोंडानं सांगाल की अर्जुना आजारी होता. तोवर मी तुम्हाला सोडणार नाही.

अंजना


९ सप्टेंबर १९७३
सांगली

डॉक्टर हंबीरराव यांस,

मला इथं एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. बेडकांच्या आणि उंदरांच्या नसा काढायच्या, त्या काचपट्टीवर बसवायच्या, काचा धुवायच्या. आमचे यल्लाप्पा सर जतकडचे, कन्नड घरातले. रागावले की "एनु?", म्हणजे काय, म्हणून ओरडतात आणि लगेच चहा पाजतात. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. दुसऱ्या कुठल्या नोकरीत ती मिळाली नसती.

आजार सापडला. दोन फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं ओळखला जातो आणि १९१६ सालापासून पुस्तकात आहे. तुम्ही तेव्हा तीन वर्षांचे असाल. ताप किंवा जुलाब होऊन जातात, मग पायाला मुंग्या येतात, मग ताकद खालून वर जात राहते. टोचलेलं पुष्कळांना कळतं. तो ओळखायची एक साधी खूण लिहिली आहे. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडत नाही.

सोंग करणाऱ्याला ते सोंग करता येत नाही, डॉक्टर. गुडघ्याची उडी कुणाची नियत विचारत नाही.

तुमच्या टेबलावर पितळी मुठीची हातोडी होती. कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती. तुम्ही ती उचललीत, चिठ्ठीचा कागद काढलात आणि परत ठेवलीत.

पुस्तकातलं पान हातानं उतरवून सोबत पाठवते आहे. फाडलंत तर दुसरं पाठवीन. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला वेळ आहे.

अंजना


२ मार्च १९७७
सांगली

डॉक्टर हंबीरराव यांस,

मधल्या वर्षांत तुम्हाला माझी अकरा पत्रं गेली. प्रत्येकात तेच पान होतं. तुमचं अक्षर मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा पुन्हा पाहिलं.

नसांतून विजेचा संदेश कसा जातो हे तपासायला सरांना कधीकधी मोठ्या दवाखान्यात बोलावतात. यंत्र उचलायला मी जाते. खाटेवर पाचगणीच्या मळ्यात काम करणारी जाईबाई होती. वय बावीस. तिच्या गळ्यातल्या नळीला श्वासाचं यंत्र जोडलेलं होतं. उशाशी साताऱ्याहून आलेली चिठ्ठी होती. गुडघ्याची उडी नाही. चोवीस तासांत श्वास थांबू शकतो. वाट पाहू नये.

खाली मराठीतली सही. तोच मोडलेला 'ह'.

सर म्हणाले, "साताऱ्यात कोणीतरी शहाणा डॉक्टर आहे. बाई वाचली त्याच्यामुळं."

मी तारा गुंडाळत राहिले.

तिथल्या नर्सनं सांगितलं, तुमच्याकडून आलेली ही तिसरी. आधीचे दोघं चालत घरी गेले. म्हणजे तुम्ही पत्रं फाडली नाहीत. उघडलीत, वाचलीत, पान जपून ठेवलंत आणि हातोडी उचलायला लागलात.

मला बरं वाटेल असं तुम्हाला वाटलं असेल तर ऐका. मला त्या बाईच्या उशाशी उभं राहून तुमचा गळा धरावासा वाटला. तुम्ही माझ्या भावावर शिकलात. बेडकावर आम्ही शिकतो तसे. बेडकाला निदान कुणी पळपुटा म्हणत नाही. तीन माणसं वाचवलीत आणि ज्याच्यामुळं वाचवता आली त्याचं नाव अजून चिखलात आहे. गुपचूप शहाणं होणं फार सोपं असतं, डॉक्टर. चावडी कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

जाईबाई एकोणीस दिवस यंत्रावर होती. आता यंत्र काढलं आहे. सर म्हणतात, उन्हाळा संपेतो मळ्यात जाईल.

अर्जुनाला एकोणीस दिवस कुणी दिले असते तर?

अंजना


१४ ऑक्टोबर १९७८
सांगली

डॉक्टर हंबीरराव यांस,

आज तुम्हाला शिवी द्यायच्या आधी एक गोष्ट दाखवायची आहे. तुमच्याखेरीज ती दाखवावी असं मला कुणी सुचत नाही, हेही माझं दुर्दैवच.

तुम्ही शिकलात तेव्हा नस म्हणजे तार असं शिकवत असतील. तारेवर वेष्टन असतं एवढं तुम्हालाही ठाऊक असेल. ते वेष्टन म्हणजे जिवंत पेशी आहेत. एकेक पेशी तंतूच्या एकेका तुकड्याभोवती गुंडाळून बसते आणि दोन पेशींच्या मधे बारीक उघडी फट राहते. संदेश तारेतल्यासारखा सरळ वाहत नाही, या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो. फटीवर सोडियम आत घेणारी बारीक दारं दाटीनं असतात, ती उघडतात म्हणून उडी पडते. वेष्टनाखाली दारं जवळजवळ नसतातच.

गेल्या वर्षी सरांच्या मित्रानं परदेशातून एक लेख पाठवला. त्यात लोखंडाच्या क्षाराचा रंग होता. तो दिला की फक्त फट निळी होते. मी तो रंग बसवायला चार महिने घातले. मग सरांनी उंदराच्या नसेत एक औषध सोडायला सांगितलं. त्यानं वेष्टन गळून पडतं, आतला तंतू तसाच राहतो. मी रोज एक नस काढायची, सुईनं एकेक तंतू मोकळा करायचा आणि रंगवायचा.

आठव्या दिवशी तंतू उघडा होता, अखंड होता आणि निळं कुठंच नव्हतं. पुसून टाकल्यासारखं. दारं विखुरली होती. तंतू शाबूत असूनही त्यातून संदेश जात नव्हता, ते सरांनी यंत्रावर पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात नव्या पेशी येऊन बसायला लागल्या. जुन्यांपेक्षा आखूड, म्हणून फटी जुन्या जागी नव्हत्याच. आणि जिथं त्या पेशीची कड, तिथं निळं. जिथं दोन पेशी अजून एकमेकींपर्यंत पोचल्या नव्हत्या, तिथं दोन फिकट निळ्या रेघा होत्या, एकेक रेघ आपापल्या पेशीच्या कडेला धरून. पुढच्या दिवसांच्या काचांवर पेशी जवळ आलेल्या आणि दोन रेघांची एकच गडद रेघ झालेली.

मी सरांना बोलावलं. ते फार वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "दारं कुठं असावीत ते तंतू ठरवत नाही. ही वरून येऊन बसलेली ठरवते. तीच गोळा करते."

"असंच वाटतं, सर."

"वाटतं म्हणू नको. दहा वेळा कर. आणि निळं म्हणजे दारंच, हेही अजून कुणी पक्कं केलेलं नाही."

चौदा वेळा केलं. चौदा वेळा तेच.

आता तुमच्यासाठी. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही म्हणालात, नस शाबूत आहे. ते खरं होतं. अर्जुनाची नस शाबूत होती. तिच्यावर बसलेल्या पेशी मेल्या होत्या आणि दारं सांभाळायला कुणी नव्हतं. पाय उचलायचा हुकूम त्याच्या डोक्यातून निघत होता आणि मांडीत कुठंतरी विरत होता. तो तुमच्यापुढं खुर्चीत बसून जीव तोडून पाय उचलत होता, डॉक्टर. तुमच्या खोलीत त्या वेळी सगळ्यांत जास्त मेहनत तोच करत होता.

आणि त्या पेशी परत आल्या असत्या. हे मला आता पुस्तकातून सांगायला नको, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी न सांगता, कुणी न बोलावता त्या येतात आणि कामाला लागतात. त्यांना फक्त दिवस हवे असतात. तुम्ही चिठ्ठीत इस्पितळ लिहिलं असतं तर दिवस मिळाले असते. श्वासाचं यंत्र तेव्हाही होतं, गाडीनं काही तासांवर.

सात वर्षं मला वाटायचं, तुम्ही मरणाऱ्या माणसाला हाकलून दिलंत. तसं नाही. तुम्ही बरा होणाऱ्या माणसाला हाकलून दिलंत.

अंजना


२५ जानेवारी १९७९
सांगली

डॉक्टर हंबीरराव यांस,

तुमच्या सत्काराची पत्रिका आली. अकरा फेब्रुवारी, रविवार. आधी यल्लाप्पा सरांचं नसांवर व्याख्यान, मग तुम्हाला शाल. पत्रिकेत लिहिलं आहे, 'निष्णात निदानासाठी ख्यातकीर्त'.

सरांचा घसा बसला आहे, महिनाभर बोलायचं नाही. चित्रं मी दाखवणार आहे आणि बोलणारही मीच. तुमची चिठ्ठी आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती, ती घेऊन येते.

टाळायचं असेल तर आजारी पडा. तुम्हाला दाखला कुणीही देईल.

अंजना


६ मार्च १९७९
सांगली

डॉक्टर हंबीरराव यांस,

तुम्ही आजारी पडला नाहीत. पहिल्या रांगेत येऊन बसलात, शेजारी तुमची बायको. मी आत आले तेव्हा तुम्ही मला बघून मान हलवलीत. त्या क्षणी मला कळलं की मी काय करणार ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तरी तुम्ही आला आहात. माझा त्यानं संताप झाला. भेदरलेला माणूस हवा होता मला.

मी चित्रं दाखवली. निळ्या रेघा पडद्यावर हातभर मोठ्या झाल्या. शेवटच्या चित्रानंतर दिवा लावायला सांगितलं आणि चिठ्ठी वाचली. तारीख, नाव, मजकूर. "ही आजच्या सत्कारमूर्तींची आहे," म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंना खाली बसवा!" सर बसलेल्या घशानं म्हणाले, "बोलू द्या तिला." मग मी एंड्रिनचं सांगितलं, दहाव्याचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं.

तुम्ही उठलात. "अक्षर माझं आहे," म्हणालात. "निदान चुकलं. चुकी कुणाचीही होते. पण मुलगा मेल्यावर मी त्याला भित्रा ठरवलं, ते निदान नव्हतं. माझी चूक झाकायला मी मेलेल्या माणसाची अब्रू वापरली." तुमच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. शाल टेबलावर घडी घातलेलीच राहिली.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? त्या दिवशी स्टँडवर मी दोन ताटं जेवले.

मग पंचवीस तारखेला तुम्ही आमच्या गावी आलात. चावडीपुढं उन्हात टोपी काढून उभे राहिलात. सगळे पेन्शनर होते. तुम्ही म्हणालात, "अर्जुना आजारी होता. त्यानं काही घेतलं नव्हतं. तो भ्याला नव्हता. मी खोटं बोललो."

मग लालासाहेब उठले. "आवं डाक्टर," ते म्हणाले, "सात वर्सं आमी त्या माऊलीला काय काय बोललो. तुमी तुमचं बोलनं माघारी घेतलं. आमचं कुनी घ्याचं?" आणि ते आईच्या पायाशी वाकायला लागले. आईनं त्यांना धरलं.

इथवर सगळं मला हवं होतं तसंच झालं. सात वर्षं मी ते मनात घडवत होते, त्याहून चांगलं झालं. पण आई पुढं झाली आणि तिनं तुम्हाला विचारलं. ते मी ठरवलेलं नव्हतं.

"डाक्टर, येवडंच सांगा. माज्या लेकराला शेवटाला कळत व्हतं का? का गुंगीतच गेलं?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. खोटं बोला, असं मी डोळ्यांनी सांगत होते. तुम्हाला कळलं नसेल. किंवा आता खोटं बोलायचं नाही असं तुम्ही ठरवूनच आला असाल.

"कळत होतं, बाई," तुम्ही म्हणालात. "हा आजार डोक्यात जात नाही. बोलता आलं नाही तरी शेवटपर्यंत त्याला सगळं ऐकू येत होतं."

आईचा चेहरा उजळला. "मग मी त्येच्याशी बोलत व्हते ते समदं ऐकलं आसंल त्येनं," म्हणाली. त्या दिवसापासून तिला झोप लागते. तुम्ही तिला ते दिलंत, एवढं कबूल करते.

मी घरामागं निघून गेले.

मला हे ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं होतं, शुद्ध शेवटपर्यंत राहते. तुम्हाला पाठवायचं पान उतरवताना मी ती ओळ गाळत आले. बारा वेळा गाळली.

चार डिसेंबरला दुपारी आई मामाला बोलवायला शेजारच्या वाडीला गेली होती. घरात मी आणि अर्जुना. त्याचा आवाज पार बारीक झाला होता. म्हणाला, "अंजे, उशाला आनिक कायतरी लाव. दम पुरंना."

माझ्या हातात तुमची चिठ्ठी होती. दोन दिवस मी ती पुन्हा पुन्हा वाचत होते. मी शिकलेली, अर्जुना सातवी नापास. पावसाळाभर माझ्या मैत्रिणी विचारत होत्या, तुझा भाऊ कुठल्या आघाडीवर. मी म्हणाले, "पुरे झालं सोंग. एवढा मोठा डॉक्टर लिहून देतो ते काय उगाच? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. ऊठ."

डोळे मिटले त्यानं. पाणी आलं ते कानांकडं वाहत गेलं, कारण पुसायला हात उचलत नव्हता. आणि मी उशी लावली नाही. चुलीपाशी जाऊन बसले, पाठ करून. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बोलता येत नव्हतं म्हणून, की बोलायचं नव्हतं म्हणून, ते मला कुठल्या काचेवर दिसणार?

तुमची चिठ्ठी नसती तर मी तसं म्हणाले नसते. हे खरं आहे आणि याच खऱ्यावर मी इतकी वर्षं जगले. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुम्ही उन्हात उभे राहून बोलून मोकळे झालात. मी कुठं उभी राहू? आईपुढं? तिची झोप आत्ता कुठं परत आली आहे.

तो जिवाच्या आकांतानं खरं सांगत होता आणि आपण दोघांनी त्याला खोटा म्हटलं. तुम्ही दवाखान्यात, मी घरात. त्याच्या तोंडावर म्हणणारं तिसरं कुणी नव्हतं. म्हणून हे तुम्हाला लिहिलं.

अंजना